आईला घेऊन कोपरगावला

आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी अस्थी गोदावरीत सोडायला कोपरगावला जायचं ठरलं. मी आबांना एकच मागितलं, "मूठभर मला सोडू द्या." सगळं माझा धाकटा भाऊ बाळू करणार होता, मुलीनं कशाला, असं आत्यानं विचारलंच. आबा म्हणाले, "तिची बी आईच हुती ना?" घरातली एकटी पदवीधर म्हणून तिकिटं आणि माणसं माझ्याकडे आली.

तिसगावहून जाणाऱ्यांनी पहिली एस.टी. धरावी, नगरला गाडी बदलावी लागते. भाकरी आणि पाणी घरूनच न्यावं, यंदाच्या दुष्काळात वाटेत पाणी मागायलाही लाज वाटते. नगरच्या स्टँडवर आबा भलत्याच गाडीत जाऊन बसले, आत्याला ओळखीची बाई भेटली, मामा तंबाखूला गेले. एकाला आणावं तर दुसरा गायब. कंडक्टर हसला, "बाई, बेडकं तराजूत घालताय व्हय?" आई नुसती पुढं चालू लागली की हीच माणसं मागोमाग निघायची.

राहुरीपासून पाटाच्या पाण्यावरचा ऊस दिसू लागतो. याच भागात आईनं कितीतरी हिवाळे कोयता चालवला. खिडकीतून मी बघत राहिले, तेवढंच.

नदीला धार नव्हती. वाळूतून बरंच चालल्यावर एक डोह लागला. तिथं आणखी दोन घरची माणसं थांबलेली. भटजींनी आम्हाला बोलावलं, तर मामा नाहीत! "आलेच घेऊन," म्हणत मी पळाले.

मामा काठावरच्या बाभळीआड बसले होते. "मला न्हाई बघवायचं, पोरी. कडेवर खेळवलीय तिला. तू जा."

"तुमच्याशिवाय कसं व्हायचं, मामा?" हाताला धरून मी त्यांना सावकाश आणलं.

बाळू रिकामं मडकं घेऊन उभा होता. "ताई, मागची मान्सं खोळंबली. भटजी थांबंनात. तू तर दिसंनास."

मी पाण्यात हात घातला. गढूळ होतं. भटजींनी पुढच्या घराला हाक मारली.

मुक्कामाला धर्मशाळा मिळते. पांघरूण आपलं न्यावं. दुसऱ्या दिवशी परतताना सगळे एकमेकांना चिकटून बसले. कुणाला शोधावं लागलं नाही.

घरी आत्या शेजारणींना सांगत होती, "सुमीनं समद्यांना सांभाळून नेलं, सांभाळून आनलं. कुनी हरवलं न्हाई." आबांनीही मान डोलावली.

अशा कामाला निघालेल्या माझ्यासारख्या मुलींना एवढंच सांगते: माणसं पांगली तर पांगू द्या, ती येतात. तुम्ही मडक्याजवळून हलू नका.