एका भोकाची नऊ भोकं

मातीभाऊंना मोजणी खात्याला चिकटून सव्वीस वर्षं झाली, आणि त्यातली अकरा बायकोशिवाय गेली. ती लांबच्या गावी शाळेत शिकवायची. हे इथे पत्र्याच्या छताखाली, नकाशांच्या ढिगात. काम काय, तर अख्ख्या प्रदेशात जमिनीच्या वरच्या थरात काय आहे ते रंगवायचं. कुठे माती, कुठे मुरूम, कुठे सुटे दगडगोटे. हातगिरमिटाने भोक पाडायचं, खालचं वर काढून बघायचं, वहीत लिहायचं आणि पुढे चालायचं. ऐकायला सोपं! करून बघा, म्हणजे कंबर कुठे असते ते कळेल.

बदलीचा अर्ज दरवर्षी जायचा, दरवर्षी परत यायचा. या खेपेला मात्र साहेब म्हणाले, "सगळ्या पानांच्या कडा जुळल्या की त्याच दिवशी सोडतो. शब्द देतो."

नकाशाची एकशे बारा पानं. शेजारशेजारच्या पानांचे रंग कडेला जुळले पाहिजेत. पान संपलं म्हणून डोंगर काही थांबत नाही. मातीभाऊंनी दोन वर्षं भिंगातून डोळे फोडले आणि एकच कड उरली.

डावीकडचं पान म्हणत होतं, पातळ माती आणि खाली पक्का खडक. उजवीकडचं म्हणत होतं, बारा फूट नुसते सुटे दगड. उजवं पान आक्कांचं, म्हणजे निवृत्त झालेल्या मोजणीवाल्या बाईंचं. डावं मातीभाऊंचं.

"आक्कांचं बदला," साहेब म्हणाले. "त्या थोड्याच भांडायला येणारेत? सही करा आणि सामान बांधा."

आक्का चुकल्या नव्हत्या. एकोणीस वर्षांपूर्वी तापाने फणफणलेल्या मातीभाऊंनी त्या उताराच्या पायथ्याशी, रस्त्यालगत, एकच भोक पाडलं होतं आणि वहीत नऊ लिहिली होती. खरं वाटावं म्हणून आकडे थोडे कमीजास्तही केले होते. काय ते डोकं! आता त्याच उतारावर पाण्याची मोठी टाकी बांधायची होती, याच नकाशाच्या भरवशावर, आणि खाली वस्ती होती.

दुपारभर ते पेन घेऊन बसले. सही केली की सुटले. कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. त्यांना घरी जायचं होतं हो, दुसरं काही नको होतं. शेवटी उठले आणि साहेबांना सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी सहीचा कागद परत ओढून घेतला. मग म्हणाले, "ते पान पुन्हा करा. एक हंगाम, म्हणजे वर्ष जाईल. तोवर बदली नाही."

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "कधी येताय?"

मातीभाऊंनी काही लपवलं नाही. ती रडली, चिडली, "तुमच्या त्या मातीत माझं आयुष्य गेलं" म्हणाली. मग नाक पुसून तिने विचारलं, "बाकीची पानं तरी खरी आहेत ना तुमची?"

मातीभाऊंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"अहो, मी काय विचारतेय?"

"अजून दोन आहेत," ते म्हणाले. "तशीच."

"म्हणजे अजून दोन वर्षं."

"मी साहेबांना सांगितलेलं नाही. फक्त तुला माहितीये. तू म्हणशील तसं करतो."

"वा! म्हणजे आता मी ठरवायचं?" ती म्हणाली.