आरशासारखी केलेली आठ जाती

हौसाबाईनं जात्याची वरची तळी उचलून भिंतीला टेकवली. तळीच्या पोटावरनं तळहात फिरवला, मग परत फिरवला. आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, हिचे दात कुठं गेले?"

गोडाऊनमध्ये शंभर-दीडशे माणूस होतं. सेमी फायनल नुकतीच संपलेली, लाउडस्पीकरवर एसटी डेपोच्या टीमचं नाव पुकारत होते, टाळ्या चालल्या होत्या. मी हात लावून बघितलं. काचेसारखं गुळगुळीत. बाकीच्या सात तळ्या मी एकेक करून उलट्या केल्या. आठही तशाच.

आता हे काय प्रकरण होतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

नगरच्या बाहेर, त्या वेळी जिथं नुसती माळरानं होती, तिथल्या एका इंजिनाच्या कारखान्यात मी वेल्फेअरला होते. वेल्फेअर म्हणजे कामगारांच्या बायकापोरांची औषधं, कँटीनच्या तक्रारी, कुणाचं लग्न, कुणाचं मयत, आणि वर्षातनं एकदा स्पोर्ट्स. मी सातवी शिकलेली. टायपिंग ऑफिसच्या जुन्या मशीनवर जेवणाच्या सुट्टीत शिकले, इंग्रजी मेमो वाचून वाचून शिकले. दुष्काळाची ती वर्षं होती. चारा छावणीला मदत म्हणून कंपनीनं काहीतरी कार्यक्रम करावा असं ठरलं आणि आमचे वर्क्स मॅनेजर प्रधानसाहेब म्हणाले, "कर्लिंग करू या."

साहेब सहा महिने स्कॉटलंडला ट्रेनिंगला जाऊन आलेले. तिथं हा खेळ बघितलेला. बर्फावर वीसेक किलोचा, वर मूठ असलेला गोल दगड सरकवायचा. लांब एक वर्तुळ काढलेलं, त्याच्या मध्याजवळ ज्याचा दगड थांबेल त्याचा पॉइंट. दगडाच्या पुढं दोन माणसं झाडूनं बर्फ घासत पळतात, म्हणजे दगड लांब जातो. कॅरमच समजा, पण सोंगटी वीस किलोची आणि पुढं झाडूवाले.

"साहेब, नगरला बर्फ?" मी म्हटलं.

"शहाबादी फरशीचं गोडाऊन आहे ना आपलं? त्यावर शंखजिऱ्याची पूड टाकू. काय सरकतं बघा!"

"आणि दगड?"

साहेबांनी डोकं खाजवलं. आणि इथं माझंच तोंड उघडलं. मी म्हटलं, "गोल, जड, वर मूठ असलेला दगड तर घरोघर आहे. जात्याची वरची तळी."

साहेबांनी टेबलावर हात मारला. "काळेबाई, तुम्ही जीनियस आहात!"

मला त्या शब्दाचा लई आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

कारखान्याच्या मागं एक वस्ती होती. दळण बहुतेक जणी गिरणीतनं आणायच्या, तेव्हा जाती रिकामीच असतील असं मी धरून चालले. शुक्रवारी संध्याकाळी ट्रॉली घेऊन गेले, आठ तळ्या आणल्या, प्रत्येकीवर खडूनं नाव घातलं. सोमवारी सकाळी परत, असा शब्द दिला. हौसाबाई जरा घुटमळली होती. म्हणाली, "बाई, मंगळवारच्या बाजाराला दुकानदाराची तूर भरडून द्यायची हाय. सोमवारी नक्की ना?" मी म्हटलं, "सूर्य उगवायच्या आत." तिचा नवरा ऊसतोडीला गेलेला, दोन पोरं, आणि घर चालायचं ते तूर-हरभरा भरडून. हे मला माहीत होतं. तरी मी तिची तळी मागितली, कारण तिची सगळ्यात गोल होती.

शनिवारी मी जॉब कार्ड भरलं. जॉब कार्ड म्हणजे वर्कशॉपला कामाचा कागद. त्यावर जे लिहिलंय तेच मिस्त्री करतो, कमी नाही, जास्त नाही. साहेब म्हणाले, "फरशीवर चरे उठायला नकोत, तळाचं काहीतरी करा." माझ्या डोक्यात होतं की खाली नमदा, म्हणजे जाड लोकरीचा थर, चिकटवतील. मी लिहिलं, 'आठ नग, बॉटम स्मूथ करणे.' सही केली आणि पाहुण्यांच्या खुर्च्या मोजायला गेले.

आणि मिस्त्रींनी ते केलं. आमचे इनामदार मिस्त्री म्हणजे केसाच्या जाडीचा फरक बोटानं ओळखणारा माणूस. त्यांनी आठही तळ्या ग्राइंडिंगला लावल्या. ग्राइंडिंग म्हणजे गरगर फिरणाऱ्या एमरीच्या चाकानं घासून पृष्ठभाग सपाट करायचा. रविवारी सकाळी दगड फरशीवर पालथे ठेवलेले, वरनं नेहमीसारखेच दिसत होते. मी कशाला उलटून बघते?

खेळ सुरू झाला. बँक, टेलिफोन ऑफिस, एसटी डेपो आणि आम्ही. यातल्या एकानंही हा खेळ जन्मात बघितला नव्हता. बँकेचे हेडक्लार्क दगड सोडायचा विसरले आणि दगडाबरोबर स्वतःच पोटावर वर्तुळात जाऊन पोचले. पॉइंट द्यायचा की नाही यावर वाद झाला. एसटीचे दोन कंडक्टर खराटे घेऊन पुढं पळत "चला, पुढं सरका, पुढं सरका!" असं ओरडत होते. सवयच ती. लोक हसून हसून लोळायचे बाकी. इतके दिवस कुणी असं हसलं नव्हतं. मीही हसले.

मग हौसाबाई आपली तळी बघायला आली. तोंडाजवळच्या कपचीवरनं तिनं ती ओळखली.

जात्याच्या तळीला आतल्या बाजूनं टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, बारीक खड्डे पाडलेले असतात. ते दात. दाणा त्यात अडकतो, म्हणून फुटतो. दात नसतील तर दाणा नुसता फिरत राहतो. हे मला ठाऊक होतं. बारा वर्षांची असल्यापासनं मी जातं ओढलेलं. आणि 'बॉटम स्मूथ' मीच लिहिलं.

मी मिस्त्रींना गाठलं. "मिस्त्री, हे काय केलंत हो?"

"का? फिनिशिंग बघा!" त्यांचा चेहरा फुललेला. "आरसा केलाय. कुठं बी स्केल लावा, खालनं उजेड दिसायचा न्हाई."

"अहो, दात गेले जात्याचे!"

"ते खड्डे होय? मला वाटलं झिजून झाल्यात. भरपूर माल काढावा लागला, बाई. दुपारचा डबा पण खाल्ला नाही मी."

नगरच्या पेठेत वाढलेला माणूस. त्याच्या घरी आजीच्या काळापासनं गिरणीचं पीठ. त्याला रागवायचं तरी काय?

साहेब बक्षिसांच्या टेबलाशी होते. मी त्यांना बाजूला घेतलं, सांगितलं.

"मग गिरणी आहे ना?"

"साहेब, भरडून दिली तर दुकानदार तिला डाळीत वाटा देतो. तूर गिरणीत गेली तर वाटा गिरणीवाल्याचा. हिनं काय खायचं?"

"नवीन जातं घेऊन देऊ. आठही देऊ."

हौसाबाई मागंच उभी होती, मला कळलं नव्हतं. ती म्हणाली, "सायेब, नवं जातं दोन महिने खर टाकतं, डाळीत दगडाची कच येती. ती डाळ कोन घेतंय? आन् दुकानदारानं एकदा दुसरीला तूर दिली की माझ्याकडं परत येनार न्हाई."

ती रडली नाही. ओरडलीही नाही. तेच मला जास्त लागलं. माझ्या शब्दावर तिनं तळी दिली होती.

"टाकी कोण लावतं गं?" मी विचारलं.

"यल्लाबाई. पन ती कुठं घावनार? पाथर्डी रोडला दुष्काळी कामावर खडी फोडती."

जिच्या हातात जात्याला दात लावायची कला, ती रस्त्यासाठी नुसते दगड फोडत होती.

साहेबांनी फायनल कशीबशी उरकली. एसटी जिंकली. ढाल पाहुण्यांच्या हातून दिली आणि टाय घातलेलेच साहेब जीपमध्ये बसले. मी, हौसाबाई आणि तिची तळी मागं. मिस्त्री न बोलावता चढले.

कामावरचा मुकादम ऐकेना. "हजेरी लागलीय तिची. अर्ध्यात नेली तर दिवस बुडंल."

साहेब म्हणाले, "तिचा दिवस आम्ही देतो."

"दिवसाचं न्हाई वो. नाव कमी झालं की परत लागत न्हाई. मागं रांग बघा की."

रांग होतीच. साहेब, ज्यांच्यापुढं चारशे माणसं उभी राहायची, ते त्या मुकादमापुढं टाय सैल करत उभे राहिले. म्हणाले, "चूक आमची आहे. हिचं नाव कमी करू नका. हात जोडतो." मी तो माणूस तेवढा एकदाच तसा बघितला. मुकादमानं हजेरीचं बुक मिटलं आणि म्हणाला, "सुटी झाल्यावर न्या. उद्या सकाळी भोंग्याला हजर पायजे."

यल्लाबाईनं जीपमधली तळी बघितली आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. "आगं माय! ह्यात तोंड बघून कुंकू लावावं. कुनी केलं?"

मिस्त्रींनी मान खाली घातली.

सुटी झाल्यावर तिथंच बसून तिन्हीसांजेपर्यंत तिनं हौसाबाईच्या तळीला दात लावले. ठक ठक ठक, ना स्केल, ना खूण. मिस्त्री शेजारी उकिडवे बसलेले. मध्येच त्यांनी खिशातनं कॅलिपर काढलं, दोन खड्ड्यांमधलं अंतर मोजलं, तिसऱ्याचं मोजलं, चौथ्याचं मोजलं आणि कॅलिपर परत खिशात ठेवलं. तिच्या टाक्या बोथटलेल्या बघून म्हणाले, "यल्लाबाई, ह्या माझ्याकडं द्या, भट्टीवर कडक करून देतो." उरलेल्या सात तळ्या पुढच्या आठ दिवसांत, तिचं काम सुटल्यावर झाल्या. दोन इतक्या पातळ झाल्या होत्या की भरडण्याच्याही उपयोगी राहिल्या नाहीत. त्या दोन घरी कंपनीनं नवी जाती दिली. त्या दोघींनी ती घेतली, पण पुढं बरीच वर्षं मला चहा काही विचारला नाही.

हौसाबाईनं आधी कोंडा भरडून तळीतली खर काढली, मग सोमवारचा दिवस आणि रात्र धरून तूर भरडली. मंगळवारी बाजाराला डाळ गेली, दोन पायली कमी. दुकानदार कुरकुरला. पण पुढची तूर तिच्याकडंच आली. ते कळेपर्यंत मी नीट जेवले नाही.

चारा छावणीला मदत पोचली, पेपरात दोन ओळी आल्या. कर्लिंग परत कधी झालं नाही.

पुढच्या आठवड्यात मी साहेबांच्या सहीनं जॉब कार्डात एक रकाना वाढवून घेतला: 'ही वस्तू रोज काय काम करते?' वर्कशॉपवाले वैतागले. म्हणाले, "बाई, बोल्ट काय करतो हे पण लिहायचं का?"

मी म्हटलं, "लिहायचं."