मनोहरकाकांच्या तोंडातली सुपारी

मनोहरकाकांच्या जिभेला हाड नव्हतं, हे ॲन आर्बरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या त्यांच्या गावच्या, मराठी मंडळातलं शेंबडं पोरही सांगेल. "हा मोदक आहे की फुटबॉल?" असं विचारून त्यांनी एका भल्या बाईचं मोदक वळणं कायमचं बंद पाडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती जीभ पोटच्या पोरावर चालली. ईशान अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरमधली छान नोकरी सोडून बेकरी काढतो म्हणाला, तर काका फोनवर म्हणाले, "पाव भाजायला इंजिनिअर केलं का तुला?" ईशानने फोन ठेवला. काकांनी अबोला धरला, आणि असा धरला की सोडायचा कसा तेच विसरले. आता शोभनाकाकूंनी रडून, भांडून पोराला थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी यायला लावलं होतं. या वेळी वाकडा शब्द गेला तर तो पुन्हा उंबरा चढणार नाही, हे काकांना पक्कं कळत होतं.

तशात ते युनिव्हर्सिटीत ज्येष्ठांसाठीच्या व्याख्यानाला गेले. विषय होता इजिप्तच्या वाळवंटातले पहिले ख्रिस्ती संन्यासी. कोरडा पाव पाण्यात भिजवून मिठाबरोबर खायचा, प्रार्थना म्हणत ताडाच्या पानांच्या टोपल्या विणायच्या, आणि जन्मभर भांडायचं ते स्वतःच्या रागाशी. एकाने तर जीभ आवरायला वर्षानुवर्षं तोंडात खडा धरला होता म्हणे. आपला रोग इतक्या जुन्या काळी कुणीतरी ओळखला होता, या विचाराने काकांना बसमध्ये रडूच आलं.

झालं! बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनशेजारी चटई पडली. ख्रिस्ती स्तोत्रं पाठ नव्हती, म्हणून काका पहाटे उठून पावकी-निमकीचे पाढे म्हणू लागले. ताडाची पानं मिशिगनमध्ये कुठली मिळायला? घरी येणाऱ्या खोक्यांच्या पट्ट्या कापून टोपल्या सुरू झाल्या. त्या टोपल्यांत कांदासुद्धा टिकेना.

"उद्यापासून माझा उपवास," काकांनी जाहीर केलं. "फक्त कोरडा पाव आणि मीठ."

"अहो, उपवासाला पाव चालत नाही."

"त्या संन्याशांना चालायचा."

"त्यांच्या घरी चालत असेल. माझ्या घरात साबुदाणा चालतो," काकू म्हणाल्या.

मग खिचडी आली, वरीचे तांदूळ आले, दाण्याची आमटी आली, वर तूप सोडलेला रताळ्याचा कीस आला. एकादशी नि दुप्पट खाशी! देहदंड इतका कडक झाला की काकांच्या पँटचं बटण लागेना.

ईशान यायच्या सकाळी काकांनी शेवटचं व्रत घेतलं: तोंडात खडा धरायचा. पण बाहेरचे खडे बर्फाखाली गेलेले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि देवघरातली सुपारी उचलून गालात टाकली.

"अहो, तो गणपती आहे!" काकू ओरडल्या.

काकांनी हात जोडले. बोलण्याचा प्रश्नच मिटला होता.

ईशान आला तो कागदात गुंडाळलेला पाव छातीशी धरून. "हाय बाबा. मी बेक केलाय."

काकांना हसायचं होतं. पण गालात सुपारी असलेला माणूस हसला की रुसल्यासारखाच दिसतो.

"आई, ही इज स्टिल नॉट टॉकिंग टू मी."

"अरे, अबोला नाहीये तो. मौन आहे."

"सेम थिंग, आई." ईशानने पाव टेबलावर ठेवला आणि काढलेलं जॅकेट पुन्हा चढवलं.

वाकडं बोलू नये म्हणून घेतलेली सुपारी, आणि तिनेच पोरगं चाललं! काकांनी तोंडात बोट घातलं. सुपारी कवळीच्या मागे रुतली होती. जोर लावला तशी कवळी आणि गणपती दोन्ही एकदमच हातात आले.

"हांब!" काका म्हणाले. म्हणायचं होतं 'थांब'.

ईशान दारातच थांबला.

काकांनी पाव मोडला, पाण्यात बुडवला, मिठाला लावला आणि बोळक्यात घातला. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं ते त्यांनी पुसलं नाही.

"अहो, उपवास..." काकूंच्या तोंडून सवयीने निघालंच.

"पाहुणा आला की उपवास मोडायचा, असा त्या संन्याशांचा नियम होता," काका बोबडं बोलले. हे ते व्याख्यानात ऐकून आले होते.

"पाहुणा?" ईशान म्हणाला. "बाबा, मी पाहुणा आहे?"

"दोन वर्षं घरी न येणारा पाहुणाच. माझ्यामुळे झालास." काकांनी दुसरा तुकडा मोडला. "राहा चार दिवस. मग पाव खायला मला दुसरं निमित्त शोधावं लागेल."

ईशानने जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं. काकूंनी गणपती धुऊन जागेवर ठेवला आणि खिचडीचं पातेलं फ्रिजमध्ये सरकवलं.