दादाला रिपोर्ट दाखवायला गेले तेव्हा...

गेल्या रविवारी सावेडीहून जामखेडला दादाकडे गेले होते. पर्समध्ये माझा जेनेटिक टेस्टचा रिपोर्ट होता.

आमची आई स्मृतिभ्रंशाने गेली. शेवटची सहा वर्षं दादानेच तिला न्हाऊमाखू घातलं, भरवलं... शेवटी तर ती त्याला "कोण रे तू?" विचारायची.

मी आता चौपन्न वर्षांची. नावं विसरायला लागले, तशी भीती वाटायला लागली. कळून उपाय काहीच नाही, विचार करा, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी मी हट्टाने टेस्ट केली.

ज्या जनुकामुळे धोका वाढतो, त्याच्या माझ्यात दोन प्रती निघाल्या. एक आईकडून, एक वडिलांकडून. "आजार होईलच असं नाही, पण धोका बराच जास्त," डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. म्हणजे दादालाही असू शकतं... त्याला कसं सांगायचं, याची एसटीत उजळणी करत गेले.

जेवणं झाली. वहिनी भांडी घेऊन मागे गेल्या. मी पर्सची चेन उघडली, तेवढ्यात दादाच बोलला.

"तायडे, तुझ्या वहिनीला सांगू नको. मागल्या महिन्यात शेतातून घरी येताना मी रस्ता चुकलो. आपलाच रस्ता. तवापासून गाडी काढलीच न्हाई."

मग त्याने खाली बघत विचारलं, "आईचंबी असंच सुरू झालं हुतं ना?"

खोटं बोलता आलं नाही. "हो" म्हटलं... आणि पर्सची चेन लावून टाकली. माझ्या रिपोर्टचं त्याला आजवर सांगितलेलं नाही. त्याच्यासाठी तो आता नुसता धोका राहिलेला नाही, आजार सुरूच झालाय बहुतेक.

वहिनींना मात्र सांगायलाच हवं, एवढं त्याला पटवलं. दोघांनी मिळून सांगितलं. त्या रडल्या नाहीत. पदराला हात पुसत एवढंच म्हणाल्या, "मला म्हैत हाय. मी रोज शेतापातूर मागं मागं जाते यांच्या."

उद्या इथे माझ्या गावी मेंदूच्या डॉक्टरांकडे दादाची अपॉइंटमेंट आहे. आज दुपारी दोघं आले. मी स्टँडवर उभी होते. एसटीतून उतरल्यावर दादा त्या गर्दीत थोडा गोंधळला, इकडेतिकडे बघत राहिला. मग मी दिसले आणि त्याने लांबूनच हाक मारली, "तायडे!"

आज एवढंच पुरे आहे...