माशाला वळायला लागते तेवढी जागा

आमच्या टॉवरमध्ये कोणी मासे पाळायचं मनावर घेतलं की आधी माझ्याकडे येतो. केवढी टाकी घेऊ? मी तोंडावर सांगतो, दुकानात दिसतोय त्या माशाची घेऊ नकोस, दोन वर्षांनी होईल त्या माशाची घे. आणि लांबी काय मोजत बसतोस, रुंदी मोज. मासा लांबीत पोहतो, पण वळतो रुंदीत. लोकांना वाटतं, काय अभ्यास आहे माणसाचा! डोंबल अभ्यास. एक मासा नासवला, तेव्हा कळलं.

करी रोडची आमची चाळ पडली आणि तिथेच उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्हाला घर मिळालं. एक हॉल, एक बेडरूम, किचन. बेडरूममध्ये मी आणि बायको, हॉलमध्ये खिडकीखाली आईचा दिवाण. वडील लवकर गेले. चाळीतली ती खोली टिकली, कारण आईने तिथे गिरणीकामगारांची खानावळ चालवली, दहा-बारा माणसांना दोन वेळचं जेवण घातलं. खोली टिकली म्हणून टॉवरमधलं घर. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्याच वर्षी माझ्या हृदयात दोन स्टेंट बसले. घरी आलो तर खालच्या मजल्यावरचा शेजारी बघायला आला आणि म्हणाला, "अरोवाना ठेव घरात. घरावर काही येणार असेल ना, तर तो मासा स्वतःच्या अंगावर घेतो." आमच्या टॉवरमध्ये घरोघरी हेच चाललं होतं. कोणाचा मासा मेला की लोक हळहळायचे नाहीत, उलट हात जोडायचे. मोठं काहीतरी टळलं म्हणायचे. मी सायन्सचा माणूस, पदवी आहे माझ्याकडे. पण छातीत कळ आल्यापासून मी टरकलो होतो. जिना चढताना नाडी बघायचो. गेलो दादरला मासा आणायला, त्या शेजाऱ्यालाच बरोबर घेऊन.

दुकानदार मात्र सरळ माणूस निघाला. पिशवीत बोटाएवढं रुपेरी पिल्लू दाखवून म्हणाला, "साहब, ये दो-सवादो फूट जाएगा. छे फूट लंबा, ढाई फूट चौडा टँक लगेगा. जगह है?" जागा कुठली! टीव्ही आणि दिवाण यांच्यामधली जागा मी घरून मोजून आणली होती. अडीच फूट लांब, एक फूट रुंद. शेजारी माझ्या कानाशी म्हणाला, "तो टाकी खपवायला बघतोय रे. टाकी असेल तेवढाच वाढतो मासा. छोट्या टाकीत छोटाच राहतो." दोघांपैकी एक जण रोज मासे विकत होता आणि दुसरा बँकेत कारकून होता. मी कारकुनाचं ऐकलं. कारण त्याचं म्हणणं माझ्या मापात बसत होतं.

आईला आधी हसू आलं. घरात मासा आणायचा आणि खायचा नाही, हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं. पण चार दिवसांत मासा तिचाच झाला. मी टाकीसमोर बसायचो ते माझ्या हृदयाचा रखवालदार नीट आहे ना हे बघायला. ती बसायची ती माशासाठी. सकाळी कोलंबी सोलायची, तिचे बारीक तुकडे करायची आणि बोटाच्या टोकावर धरायची. मासा वर येऊन अलगद उचलायचा. "सावकास खा रे, तुझा कोण घेता?" असं ती त्याला म्हणायची. तिच्या खानावळीतल्या माणसांनाही ती हेच म्हणायची.

सहा महिन्यांत तो फूटभर झाला. वर्ष होईपर्यंत दीड फूट. टाकीएवढाच वाढतो म्हणे! मासा काय सोसायटीचे नियम वाचून वाढतो? एक फूट रुंदीच्या टाकीत त्याला वळायचं म्हणजे अंगाची घडी घालावी लागायची. शेपटी काचेवर घासायची, नाक दुसऱ्या काचेवर. मला दिसत होतं, पण मी कानाडोळा करत होतो. तो जिवंत होता आणि माझा रिपोर्ट चांगला आला होता. मला तेवढं पुरे होतं.

आईला पुरे नव्हतं. आयुष्यभर बाजारात माशाचे कल्ले उचलून बघत आलेली बाई. तिनेच आधी पाहिलं, की याच्या गालावरची झाकणं बाहेरच्या बाजूला दुमडत चालली आहेत आणि आतला लाल भाग उघडा पडतोय. मला हाताला धरून टाकीपाशी नेलं. "बघ, कल्लो उलाटलो ह्येचो. ह्येका वळाक जागा खंय आसा?" मी पाणी बदलू म्हटलं. ती म्हणाली, पाण्याचं नाही रे, जागेचं आहे.

मी दादरच्या दुकानदाराला मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने मान हलवली. "ये पहले साल में ही बिगड गया. अब बडा टँक दोगे तो थोडा और जीएगा." थोडा और. मी घाबरलो तो माशासाठी नाही, हे लिहायला मला लाज वाटते. घरी आल्यावर मी टेप काढली आणि भिंती मोजायला लागलो. सहा फूट बसणारी भिंत घरात एकच होती, खिडकीखालची. आई दिवाणावर बसून लसूण सोलत होती. मी टेप खालून नेत होतो, तर तिने पाय वर उचलून धरले. टेप पलीकडे पोचेपर्यंत तशीच बसली. मी आकडा बघितला. ती माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "मी जातंय गावाक. थंय घर बंदच आसा." मी दोन दिवस नको नको केलं. खोटं नव्हतं ते, पण जोरही नव्हता त्यात. बायको म्हणाली, आईचा दिवाण बेडरूममध्ये टाकू, आपण खाली झोपू. मी म्हटलं, माझ्या कमरेला खाली झोपवत नाही. आम्हा कोकणातल्या माणसांना ही एक भारी सोय आहे. मुंबईत जागा अपुरी पडली की म्हातारं माणूस गावी जातं आणि सगळे म्हणतात, गावची हवा मानवते त्यांना. मीही म्हटलं. लिफ्टमध्ये कोणी विचारलं की तोंड वर करून म्हणायचो, आईला गावाची ओढ फार.

ती गेली त्याच आठवड्यात दिवाण भंगारवाल्याने नेला आणि सहा फुटांची टाकी आली. अडीच फूट रुंद. मासा तिच्यात आरामात वळायचा, पण वाकडा. त्याचा कणा सरळ झाला नाही आणि कल्लेही परत फिरले नाहीत. आईचा फोन यायचा. माझ्या गोळ्यांची चौकशी झाली की मासा. "जेवता मां तो?" माझ्या बोटावरची कोलंबी तो घेत नव्हता. मी सांगायचो, जेवतो, मस्त जेवतो.

सात महिने काढले त्याने. एका रविवारी सकाळी तळाशी आडवा पडलेला दिसला. शेजारी धावत वर आला, हात जोडले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "सुटलास! तुझ्यावरचं घेऊन गेला बघ." मला इतका राग आला की त्याला धरून हलवावंसं वाटलं. अरे, माझ्यावरचं काय घेऊन गेला? मी त्याला एक फुटात वर्षभर दुमडून ठेवला, म्हणून मेला तो. हे मी मोठ्याने म्हणालो. शेजारी समजुतीने हसला आणि म्हणाला, होतं असं, जीव लागतो. ह्या टॉवरमध्ये माशाच्या मरणाला कोणी जबाबदार नसतो, ही किती मोठी सोय आहे ते मला त्या दिवशी उमगलं.

मग मी आईला फोन लावला. मासा गेला हे सांगितलं. मी घाईघाईने पुढे बोलत सुटलो, की टाकी काढतोय, नवा दिवाण आणतो, खिडकीखालीच टाकतो, पुढच्या आठवड्यात मी न्यायला येतो.

"मासो मेलो म्हणान बोलवतंस माका?"

आवाज चढलेला नव्हता. रडतही नव्हती. मी म्हटलं, "तसं नाही गं आई."

"मगे कसा?" तिने विचारलं आणि खरंच थांबली. मी काय सांगतो ते ऐकायला तिने फोन कानाला धरून ठेवला होता, श्वास ऐकू येत होता तिचा. मग ती म्हणाली, गोळी घेतलीस का, आणि फोन ठेवला.

याला दोन वर्षं झाली. ती आलेली नाही.