उंबऱ्यावरचा पाय

उंबऱ्यावर पाय देऊ नये, असं मी घरात सगळ्यांना बजावते. फक्त फोटो काढताना माझ्या सईला तिचा आखूड डावा पाय त्यावर ठेवायला लावायचे, म्हणजे फरक दिसत नसे. पुढे ऑपरेशन करून त्या पायाचं हाड कापलं आणि आत लांबणारी सळई बसवली. बाहेरून चुंबकाचं यंत्र लावून आम्ही ती रोज केसभर लांबवायचो. सई ओठ दाबून सोसायची. हाड किती धीराने स्वतःला भरून काढतं; मला तेवढा धीर नव्हता.

आता दोन्ही पाय सारखे आहेत. आज मामा दारात तिचा फोटो काढायला लागला, तर तिने सवयीने डावा पाय उंबऱ्यावर ठेवला.

"अगं, खाली घे पाय."

"पण आई, तुला असाच फोटो आवडतो ना?"

‘नाही’ म्हणावं, तर घरात दुसऱ्या तऱ्हेचा एकही फोटो नव्हता.