जोडीने फेडायचा नवस

मी शिंपी माणूस. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही, तिथे भुताखेतांवर कुठला विश्वास ठेवणार! बेंगळुरात चिकपेटेत आमचं दुकान. गिऱ्हाईक असल्या गोष्टी सांगू लागलं की मी मशीन जोरात चालवायचो. तरी हे लिहितोय... कारण समुद्रकाठाने गोकर्णाला पायी जाणारे माझ्याकडे सल्ला मागायला येतात, आणि सल्ला देताना एवढी एक गोष्ट मी नेहमी गाळतो.

साठ सालानंतरची हकीकत. आमचा मुलगा विषमज्वरातून उठावा म्हणून माझ्या बायकोने, गिरिजाने, नवस बोलला होता — भटकळाहून गोकर्णापर्यंत किनाऱ्याने चालत येऊ, आणि जोडीने येऊ. मुलगा बरा झाला, शिकला, नोकरीला दिल्लीला गेला. दुकानापायी आमचं जाणं लांबत राहिलं, आणि एका पावसाळ्यात गिरिजाच गेली. घरात मी एकटा. एकट्यापुरता भात लावायला मला कधी जमलंच नाही, रोज उरायचा.

नवस जोडीचा आणि माणूस एक! भटजींना विचारलं. म्हणाले, "बायको नसली तर सुपारी कमरेला खोचून पूजेला बसतात ना? तसेच चाला. पोचलात की सुपारी समुद्रात सोडा."

शेजारच्या सीताक्का म्हणाल्या, "अण्णा, एकटे कशाला हो जाता? कुणाला तरी सोबत घ्या की."

"आहे सोबत," म्हणत मी कमरेची सुपारी दाखवली. त्या हसल्या नाहीत.

आता चालण्याचं सांगतो. ओहोटीला निघावं, ओल्या घट्ट वाळूवरून. कोरड्या वाळूत पाय रुततात. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे उत्तरेला जाताना डावा पाय सतत खाली पडतो आणि संध्याकाळपर्यंत कंबर धरते. मी डाव्या चपलेत कापडाची जाड घडी शिवून टाकली होती. बोटांच्या बेचक्यांत खोबरेल लावावं, ऊन चढलं की सुरूच्या सावलीत पडावं. खाडी कितीही उथळ दिसो, पायी उतरू नये, होडीची वाट बघावी.

पहिल्याच दिवशी एका झोपडीपाशी पाणी मागितलं. तिथल्या म्हातारीने ताक आणलं, दोन पेले.

"दुसरं कुणाला?"

"अक्कांना," तिने माझ्या मागे बोट दाखवलं.

मागे वाळू, आणि माझीच पावलं. म्हातारीची नजर अधू असेल म्हणून मी दोन्ही पेले प्यायलो आणि निघालो.

होन्नावरच्या खाडीवर होडी भरली, तरी होडीवाला हलेना. "थांबा, अक्का मागे राहिल्यात!" मग त्याने लोकांना सरकवून माझ्याशेजारी जागा केली. खाडी पार होईपर्यंत त्या जागेवर कुणी बसलं नाही... निदान मला तरी कुणी दिसलं नाही.

पलीकडे उतरल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "कशी दिसते रे ती?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमची बायको, आणि मला विचारता? दमल्यात हो त्या. स्वल्प हळू चाला."

भीती वाटली नाही. आमच्यात तेव्हा बायकांनी मागूनच चालायचं, मागे वळून बघायची सवयच नव्हती. आता दर थोड्या वेळाने वळून बघत होतो. पावलं हळू टाकली, मुलाची खुशाली मोठ्याने सांगितली, दुकानातलं सांगितलं. भर दुपारी, रिकाम्या किनाऱ्यावर मी लहान पोरासारखा रडलो.

गोकर्णाला पाण्यात उभा राहिलो, पण मूठ उघडेना. सुपारी ठेवून घ्यावी असं फार वाटलं. पण नवस तिचा होता, तो अर्धा ठेवणं बरं नव्हतं. सोडली.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. नवस नव्हता, नुसती हाव. नवी सुपारी खोचली, पहिल्यापासून हळू चाललो. होन्नावरला तोच होडीवाला होता. त्याने मला ओळखलं, माझ्या मागे नजर टाकली आणि विचारलं, "या वेळी एकटेच, अण्णा?"

मी हो म्हटलं आणि होडीत बसलो.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. ती म्हातारी आणि तो होडीवाला एकमेकांना ओळखत नव्हते, माझ्याशी थट्टा करायचं त्यांना काही कारण नव्हतं. ती आली होती, एवढं मी आता मानतो. पण परक्यांना दिसली आणि मला एकदाही नाही, हे का, ते कुणी सांगू शकेल का?